चिकावर राख

माझ्या सुनेनं परवा बाल्कनीत एक नवी कुंडी आणून ठेवली. वीतभर रोप, पंजाएवढी खरबरीत पानं. नर्सरीवाल्यानं सांगितलेलं नाव ती विसरली होती आणि मोबाइलवर फोटो काढून शोधत बसली होती. मी चष्मा न लावताच जवळ गेले, खालचं एक पान देठासकट मोडलं आणि बोटांत चोळलं. बोटं बुळबुळली, बारीक तार आली. म्हटलं, गुलखैरा आहे हा, पुरुषभर उंच वाढेल, थंडी सरता सरता अंगभर फुलेल, कुंडी मोठी आण. तिला फार कौतुक वाटलं. "आई, नुसतं चोळून कसं हो कळतं तुम्हाला?" तीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, कळेल नाही तर काय, असं मी फटकन बोलून गेले आणि बेसिनवर हात धुवायला लागले. ते उत्तर खोटं होतं. चिकावरून झाड ओळखायला मी कुठल्या कॉलेजात शिकले नाही. ते मला पलूसजवळच्या एका गुऱ्हाळावर हौसाक्कानं शिकवलं, आणि हौसाक्काबद्दल मी नवऱ्याला, मुलाला, कुणालाही आजवर एक अक्षर सांगितलेलं नाही. लहानपणाच्या आठवणींच्या या पुस्तकातलं बाकीचं सगळं लिहून झालं. हे एक प्रकरण मी तीनदा मागं ढकललं. आता मागं ढकलायला पानं उरली नाहीत.

माझे वडील, आबा, गुळव्या होते. गुऱ्हाळावर सगळे राबतात, पण गूळ होतो की नासतो ते एका माणसाच्या हातात असतं, तो गुळव्या. उसाचा रस खोलीएवढ्या रुंद लोखंडी काहिलीत चढला की आबा तिच्याभोवती फेऱ्या मारायचे आणि कान देऊन ऐकायचे. रस आधी सळसळतो, मग रटरटतो, मग त्याचा आवाज जड होतो, फुगे एकेक करून फुटायला लागतात. आबा आवाजावरून सांगायचे, अजून दहा मिनटं. मग थंड पाण्यात थेंब टाकून गोळी करून बघायचे, पण ते लोकांच्या समाधानासाठी. दिवाळी झाली की होळीपर्यंत आमचं सगळं घरच गुऱ्हाळाच्या तालावर चालायचं. ऊस गाळणाऱ्या चरकाचं एंजिन पहाटे सुरू व्हायचं ते दिवसभर टुकटुकत राहायचं. त्याची इतकी सवय झालेली की बंद पडलं की आम्ही दचकायचो. अंगाला, अंथरुणाला, दप्तराला उसाच्या वाफेचा वास. आई अंबाडीची पाल्याची भाजी करायची, ज्वारीच्या कण्या घालून, वर लसणाची चरचरीत फोडणी. ती भाजी, भाकरी आणि वाटीत गरम काकवी. आंबट आणि गोड एका ताटात. आजही सांगलीच्या मंडईत अंबाडीची जुडी दिसली की माझ्या तोंडाला पाणी सुटतं, आणि मी जुडी हातात घेऊन परत ठेवते.

आमच्याकडे भेंडी ही भाजी नंतर, आधी गुऱ्हाळाचं सामान. उसाच्या रसात माती असते, पाल्याचा कचरा असतो, तो काढल्याशिवाय गूळ पिवळा होत नाही. त्यासाठी भेंडीची हिरवी झाडं मुळासकट उपटून, दगडावर ठेचून पाण्यात भिजवायची. पाण्यात दाट चीक उतरतो. तो काहिलीत ओतला की सगळी घाण त्याला धरून वर येते, तिला मळी म्हणतात, ती लांब दांड्याच्या झाऱ्यानं काढून टाकायची. आबा म्हणायचे, "चीक घाण तेवढी धरतोय, गोड सोडून देतोय." आता बहुतेक ठिकाणी पांढरी पावडर टाकतात, पुडी फोडली की झालं. तेव्हा गुऱ्हाळमालक अण्णा आपल्या बांधाला मुद्दाम भेंडीच्या रांगा लावून घ्यायचे, आणि त्या ठेचायचं काम हौसाक्काकडे होतं.

हौसाक्का म्हणजे जाळव्या कोंडिबाची बायको. काहिलीखालचं चुलवाण वाळल्या चिपाडानं पेटतं ठेवायचं काम कोंडिबाचं, ठेचायचं तिचं. तिशीच्या आतबाहेरची, काटक, हसताना हनुवटी पुढं काढणारी. त्यांचं घर गावाबाहेरच्या वस्तीत, तिथल्या सगळ्यांनी बुद्धाचा धर्म घेतलेला. तिच्या हातचा चीक काहिलीत चालायचा, तो गूळ देवालाही चालायचा, तिला पाणी प्यायला तांब्या मात्र वेगळा होता, बाभळीच्या फांदीला अडकवलेला. त्यात काही वावगं आहे असं मला तेव्हा वाटलंही नाही, हे लिहिताना लाज वाटते. शाळा सुटली की मी तिच्याजवळ जाऊन बसायचे, कारण ती माझ्याशी मोठ्या बाईशी बोलावं तसं बोलायची. एकदा तिनं माझ्या ओंजळीत तीन फुलं ठेवली, एक भेंडीचं, एक अंबाडीचं, एक परसातल्या कापशीचं. "बघ," म्हणाली, "पाच पाकळ्या, मधी काळा डोळा, आन् मधनं दांडा आलाय त्येला केसर चिकाटल्यात. तिगी बी एका आईच्या लेकी हायत. जास्वंद बी त्यातलीच, ती जरा नटवी." मग एकेकीचं पान मोडून माझ्या बोटात चोळायची. डोळे मिटून ओळखायला लावायची. भेंडीचा चीक दाट, अंबाडीचा कमी आणि आंबूस, जास्वंदीचा गार. पुढं कॉलेजात आमच्या सरांनी फळ्यावर 'माल्व्हेसी' लिहून त्या कुळाची लक्षणं सांगितली तेव्हा वर्गात एकटी मी वही न उघडता बसले होते.

गुऱ्हाळावर दोन नियम होते. काहिलीजवळ चप्पल न्यायची नाही. पहिला गूळ देवाचा असतो, तिथं जोडे कसे घालणार, म्हणून थंडीतसुद्धा सगळे अनवाणी. आणि दुसरा, चीक सांडला की आधी राख. सांडणारा कुणी का असेना, त्यानं हातातलं काम टाकून चुलवाणाच्या तोंडाशी जायचं, घमेलं भरून राख आणायची आणि सांडलेल्या जागी पसरायची, मगच दुसरं काम. कारण काहिलीचा काठ जमिनीच्या पातळीला असतो आणि ओल्या चिकावर अनवाणी पाय टिकत नाही. हौसाक्कानं मला पहिल्या दिवशी शिकवलं ते हेच. ठेचायचं नंतर शिकवलं.

आता दादाचं सांगायला हवं. विलासदादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. आमच्या भागात घरटी एक पोरगा फौजेत, त्यालाही तेच वेड. पहाटे कॅनॉलच्या रस्त्यानं पळायला जायचा, येऊन कच्ची अंडी फोडून प्यायचा, आईला ते बघवायचं नाही. मला 'शालू म्हैस' म्हणायचा. मी भेंडी चिरायला बसले की देठाकडचे चिरलेले तुकडे उचलून माझ्या कपाळावर, गालावर चिकटवायचा आणि म्हणायचा, "आयं, बघ, नवरी तयार हाय, नवरदेवाला निरोप धाड." मी चिडून रडायची, मग स्वतःच तोंड पुसून द्यायचा. कोल्हापूरला भरती निघाली, त्याला बुधवारी जायचं होतं. फॉर्मला फोटो हवा होता. आमच्या घरात तोवर कुणाचाच फोटो निघालेला नव्हता. दादा म्हणाला, शनिवारी काहील उतरली की सायकलवर पलूसला जाऊ, तुझाही काढू, दोघांचा एकत्र काढू. मी आठवडाभर झोपले नसेन. मैत्रिणीकडून दोन निळ्या रिबिनी मागून आणल्या आणि दप्तरात घडी करून ठेवल्या.

शनिवारी सकाळची शाळा. मी घरी न जाता थेट गुऱ्हाळावर गेले. मळी काढणारा गडी तापानं पडला होता, म्हणून आबांनी झारा दादाच्या हातात दिला होता आणि तो काहिलीच्या पलीकडच्या काठावर उभा राहून मळी काढत होता, घामाघूम. मला बघून त्यानं हाताच्या बोटांची चौकट केली, फोटोवाला धरतो तशी. मी हौसाक्काकडे गेले. तिनं चिकाची बादली अर्धी भरून दिली. "दोन खेपा कर, शाले. गच्च नेऊ नगं," असं म्हणून ती पुढचा भारा ठेचायला वळली. मी तिची पाठ बघितली आणि टोपातला उरलेला चीक बादलीत ओतून घेतला. एका खेपेत काम उरकलं की तेवढीच लवकर सुट्टी, एवढंच माझ्या डोक्यात होतं. दोन्ही हातांनी बादली उचलून चालले, काठाशी आले आणि ती हिंदकळली. ताटाएवढा चीक जमिनीवर सांडला. आबा पाठमोरे होते. त्यांनी वळून माझ्या हातातली बादली घेतली, दोन पावलं पुढं जाऊन काहिलीत ओतली आणि मळी कशी वर येते तिकडं बघत राहिले. त्यांनी खाली पाहिलं नाही. मी पाहिलं. मला नियम पाठ होता. राख काहिलीच्या दुसऱ्या अंगाला, चार पायऱ्या उतरून. माझे हात कोपरापर्यंत बरबटलेले. मनात आलं, आधी हात धुऊ, रिबिनी बांधू, येताना राख घेऊन येऊ. हे मी विसरले असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. मी विसरले नव्हते. मी ते मागं ठेवलं, जसं हे प्रकरण मागं ठेवत आले.

पाण्याच्या पाटावर वाळूनं हात घासले. चीक पाण्यानं जात नाही, घासावं तसा जास्त बुळबुळतो. एका वेणीला रिबीन बांधून झाली आणि दुसरी हातात होती, तेवढ्यात एंजिन बंद झालं. ओरडणं मला ऐकू आलं नव्हतं, एंजिनाच्या आवाजात कुणाचंच काही ऐकू यायचं नाही. काहिलीत रस असताना एंजिन कधी बंद करत नाहीत. मी तशीच पळत गेले. दादा झाऱ्यातली मळी दाखवायला आबांच्या बाजूला आला होता आणि त्याचा पाय गेला होता. कमरेपर्यंत आत गेला. आबांनी उघड्या हातांनी त्याला ओढून काढलं. मी पोचले तेव्हा त्याला पाचटावर निजवला होता आणि माणसं चारी बाजूंनी अनवाणी धावत येत होती. काठावर हौसाक्का होती. हातात घमेलं, आणि ती सांडलेल्या चिकावर राख टाकत होती, मुठी भरभरून, घाईघाईनं.

अण्णा आले, त्यांनी ती राख बघितली आणि विचारलं, "हितं चीक कुणी सांडला?" हौसाक्कानं वर पाहिलं. तिनं आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या रिबिनीकडे. मी खाली बघितलं. किती वेळ गेला असेल, दोन श्वास. तेवढ्यात आबा बोलले. त्यांचे दोन्ही हात पुढं धरलेले होते, कातडी सुटलेली. रागानं नाही, अगदी हळू, दमलेल्या माणसासारखं ते म्हणाले, "हौसा, राख आता टाकून काय उपेग गं?" झालं. सगळ्यांना हवं होतं ते उत्तर मिळालं. सांडायचं हिनं आणि आता लपवायलाही हीच. गावाला खापर फोडायला डोकं शोधावं लागलं नाही, ते समोर घमेलं घेऊन उभं होतं. हौसाक्कानं घमेलं पालथं घालून खाली ठेवलं आणि बाभळीखाली जाऊन उभी राहिली.

दादा नऊ दिवस होता. अण्णांच्या जीपमधून त्याला सांगलीला नेला, सरकारी दवाखान्यात. आई तिथंच राहिली. घरी मी आणि हातांना पट्ट्या बांधलेले आबा. मी त्यांना घास भरवायची. सहाव्या दिवशी मला दादाजवळ नेलं. त्याच्या अंगावर चादर टेकू नये म्हणून लोखंडी कमानी लावल्या होत्या. तोंड मात्र तसंच होतं, जरा सुजलेलं. मला म्हणाला, "शाले, फोटू ऱ्हायला की गं." मी म्हटलं, बरा झालास की काढू. मग छताकडे बघत म्हणाला, "पाय कसा काय घसरला, कुणास ठाऊक. मी तर बघून चालतो." आई पलीकडे बसली होती, तिनं दात आवळून हौसाक्काचं नाव घेतलं. दादा म्हणाला, "जाऊ दे गं आयं, तिनं काय मुद्दाम केलं?" तेव्हा बोलायला हवं होतं. त्यानं मला काहीसुद्धा केलं नसतं, मला शालू म्हैस म्हणाला असता. मी त्याची चादर कमानीवर सारखी केली. त्याचा फोटो आमच्याकडे नाही. माझ्या मुलाला मामा कसा दिसायचा ते मी तोंडानं सांगते.

त्यानंतर हौसाक्काला आणि कोंडिबाला कुठल्याच गुऱ्हाळानं ठेवलं नाही. 'हात वाईट हाय' असं लोक म्हणायचे. रस फाटला, गूळ काळा पडला, काहीही झालं की तिचं नाव. महिनाभरात त्यांनी घराला कुलूप लावलं आणि कुठंतरी गेले. जाताना आमच्या दारावरूनच रस्ता होता. मी उंबऱ्यात ज्वारी निवडत बसले होते. हौसाक्काच्या डोक्यावर बोचकं, कडेवर पोर. ती थांबली. मला वाटलं आता बोलेल, आणि माझी पाचावर धारण बसली. ती नुसती माझ्याकडे बघत उभी राहिली, मग आतून आईचा आवाज आला, "कोण हाय गं?" आणि मी म्हटलं, "कुणी न्हाई." ती गेली.

आबांचे हात बरे झाले पण बोटं वळली ती वळलीच, झारा परत त्यांच्या हातात आला नाही. आईनं त्या वर्षीपासून घरात भेंडी आणली नाही. बांधाला उगवलेलं रोपसुद्धा उपटून टाकायची. अंबाडी मात्र पूर्वीसारखीच करायची, दर आठवड्याला. अंबाडीही त्याच आईची लेक आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही सांगितलं नाही. चूल पेटवताना ती हौसाक्काला शिव्याशाप द्यायची, देवाचं नाव घ्यावं तसं रोज सकाळी. मी शेजारी बसून पीठ मळायची. दोनदा मी तोंड उघडलं होतं. एकदा तर 'आई' एवढं म्हणूनही झालं. ती म्हणाली, "काय गं?" मी म्हटलं, मीठ कमी पडलंय. खरं सांगायचं तर तिचा तळतळाट दुसऱ्या कुणावर जातोय याचं मला आतून बरं वाटायचं. हे लिहायला मला आजवर धीर झाला नव्हता. आई गेली तेव्हाही तिच्या मनात गुन्हेगार हौसाच होती. आबा तिच्या आधीच गेले.

पुढं मी शिकले, सांगलीत नोकरी लागली, लग्न झालं. दरवर्षी माल्व्हेसीचा धडा आला की मी वर्गात फुलं न्यायची. जास्वंद, भेंडी, अंबाडी, कापूस, कॉलेजच्या बागेतला गुलखैरा. निवृत्तीला दोन वर्षं होती तेव्हा एका मुलीनं डोळे मिटून पानं चोळली आणि पाचही बरोबर ओळखली. मी विचारलं, कुणी शिकवलं? "आजीनं, मॅडम. ती पूर्वी पलूसकडं गुऱ्हाळावर होती. आता कुपवाडला आमच्यातच असते." मी आजीचं नाव विचारलं. मग मी खडू ठेवला आणि डोकं दुखतंय म्हणून तास सोडून दिला. सांगलीहून कुपवाड म्हणजे रिक्षानं अर्धा तास. तो अर्धा तास जायला मला नऊ वर्षं लागली. कधी मुलाचं लग्न, कधी गुडघे, कधी पाऊस. कारणांना काय तोटा.

गेल्या महिन्यात गेले. कारखान्यांच्या मागं एक स्लॅबचं घर, दारात नातवाची मोटरसायकल. पायरीवर रंगाच्या डब्यांत भेंडीची चार झाडं होती, एकाला फूल आलेलं. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि खाली कॉटवर हौसाक्का. आता ऐंशीच्या पुढची, अंग आटलेलं, हनुवटी तेवढी तीच. तिच्या नातसुनेनं खुर्ची दिली आणि चहा ठेवायला आत गेली.

"कोण हाय?"

"आक्का, मी शालन. गुळव्याची."

ती बराच वेळ बघत राहिली. "ये," म्हणाली. "बस. क्यास पांढरं झालं की तुझं."

मी घरून वाक्यं जुळवून नेली होती. आयुष्यभर शिकवण्याचा धंदा, मला बोलायला कधी कमी पडलं नाही. पण तिथं एकच वाक्य आलं. "आक्का, चीक मी सांडला होता."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "मी बादली अर्धी भरली व्हती. तू वरनं ओतून घेतलीस. मी वळून बघितलं व्हतं."

"मग राख का टाकलीस? त्या राखेमुळं तर तुझ्यावर आलं."

"का म्हंजी? मानसं पळत येत व्हती, समदी अनवानी. अजून कोन घसरलं असतं तर?" तिला माझा प्रश्नच कळला नव्हता.

"बोलली का नाहीस मग?"

आत भांडं वाजलं. "कुनाला बोलायचं? अन्नाला? तुझ्या बाला? माझ्या हातात घमेलं, आन् मी वस्तीवरली बाई. आन् समजा मानलं असतं माझं खरं. तुझ्या आयचं एक लेकरू जाया लागलं व्हतं. दुसरं बी तिच्या नजरंतनं गेलं असतं. म्हनलं, पोर बोलंल. आज न्हाई तर उद्या बोलंल. कोंडिबा म्हनायचा, न्हाई बोलायची. मी म्हनायची, बोलंल, लय शानी हाय. त्यो हितं ओतकामाच्या भट्टीवर ऱ्हायला. शेवटला आजारी पडला तवा बी दारात कोन आलं की इचारायचा, गावाकडनं आलंय का कोन. आमचं भांडान व्हतं ते, बोलंल का न्हाई बोलंल."

मी रडायला लागले. ती रडली नाही, तिनं मला गप्पही केलं नाही. चहा आला तो माझ्या हातात तसाच राहिला. मग ती म्हणाली, "तू ल्हान व्हतीस. नववीतलं पोर. ल्हान पोराचं काय धरायचं. मी न्हाई धरलं कवा."

मी तिच्या हाताकडे हात नेला. तिनं आपला हात मांडीवरून उचलून पदराखाली घेतला.

"पर मग तू मोठी झालीस की गं," ती म्हणाली.

मी निवलेला चहा प्यायले. उठताना सांगितलं, मी एक पुस्तक लिहितेय लहानपणाचं, त्यात हे लिहिते. ती म्हणाली, "लिव्ह. तुझा बा न्हाई, आय न्हाई, अन्ना न्हाई. आमाला हाकललं त्यातलं कोन बी वाचाय ऱ्हायलं न्हाई. तरी लिव्ह. नाव पुरं लिव्ह माझं, नुस्तं हौसा लिव्हू नगं." पूर्वी ती मला कधी रिकाम्या हाती पाठवायची नाही, काही नाही तर ओंजळभर उकडलेल्या शेंगा द्यायची. या वेळी तिनं भिंतीकडे तोंड केलं आणि मी चपला घालून बाहेर पडले.

तिचं पूर्ण नाव हौसाबाई कोंडिबा कांबळे. त्या शनिवारी काहिलीच्या काठावर चीक तिनं सांडला नाही. चीक मी सांडला. राख तेवढी तिनं टाकली.